यंत्र कुठे लवतं

घरी भक्कम सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारं यंत्र, बांधायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न हमखास वजनाचा विचारला जातो. किती किलोचं होईल? प्रश्न वावगा नाही. जड यंत्रं बहुधा चांगलीच कापतात. पण जडपणा ही त्यामागची खूण आहे, कारण वेगळंच आहे. स्टँडमध्ये दोनशे किलो काँक्रीट ओतलं आणि झेडची प्लेट, म्हणजे कटरचं डोकं वरखाली नेणारी पाटी, बारा मिलिमीटरचीच ठेवली, तर यंत्र हलवताना चार माणसं लागतील आणि पोलाद कापताना ते पूर्वीसारखंच किंचाळेल.

कटरच्या टोकाला जोर लागतो तेव्हा तो कॉलेटमधून, म्हणजे कटर धरणाऱ्या चिमट्यातून, त्याला फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये जातो. तिथून स्पिंडलची पकड, झेडची प्लेट, तिचे रेल आणि त्यांवर सरकणारे ब्लॉक, एक्सचा (डावीउजवीकडे सरकणारा) सॅडल, गॅन्ट्री (वरची आडवी तुळई), खांब, बेस, टेबलाचे रेल, टेबल, व्हाइस आणि जॉब (कापायचा तुकडा) असा फिरून तो पुन्हा कटरच्याच टोकाशी येतो. या फेऱ्यातला प्रत्येक तुकडा थोडाथोडा लवतो आणि सगळ्यांची लव बेरजेने वाढत जाते. एखादा तुकडा कितीही ताठ केला तरी बाकीच्यांची लव कमी होत नाही. म्हणून यंत्र बांधताना एकच प्रश्न सतत जवळ ठेवावा: या फेऱ्यात आत्ता सगळ्यात मऊ काय आहे? पैसा, लोखंड आणि वेळ तिथे घालायचा. बाकी ठिकाणी घातलेलं वाया जातं असं नाही, पण ते कटरच्या टोकापर्यंत पोचत नाही.

आधी आकाराचं गणित. १०० × १०० × ५ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) चौकोनी ट्यूब मीटरला साधारण साडेचौदा किलो भरते, १५० × १५० × ६ ची सव्वीस किलोच्या आसपास. वजन दुपटीलाही पोचत नाही, पण वाकण्याला होणारा विरोध चौपट होतो, कारण धातू मध्यापासून जितका लांब सरकतो तितका तो वर्गाच्या हिशोबाने कामाला येतो. पिळाचं गणित याहून मोठं आहे. तीच १५० ची ट्यूब लांबीच्या दिशेने एका बाजूने चिरली, तर तिचा पिळाला होणारा विरोध चारशे पटींहून जास्त घटतो. धातू तेवढाच राहिला, फक्त पेटी उघडी पडली. सी-चॅनल किंवा आय-बीमवर गॅन्ट्री बांधू नये ते याच कारणाने. भंगारात मिळालेलं भलं जाड चॅनल पाहून मोह होतो, पण कटर गॅन्ट्रीच्या खाली लोंबत असतो आणि प्रत्येक कापाला तिला पिळतो. बंद पेटीला दुसरा पर्याय नाही. चॅनल वापरायचंच असेल तर उघड्या बाजूला प्लेट सलग वेल्ड करून ते बंद करावं.

आता याच ट्यूबचं दुसरं टोक पाहू. ८०० मिमी अंतरावर टेकलेल्या १५० च्या ट्यूबवर मधोमध ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे पन्नास किलोचा जोर दिला, तर ती जेमतेम दोन मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाकते. १०० ची नऊ. दोन्ही आकडे घरगुती यंत्राला परवडण्याजोगे आहेत. मग इतकी यंत्रं थरथरतात का? कारण ट्यूब दोषी नसते. दोष सांध्यात असतो, पातळ प्लेटमध्ये असतो, जवळजवळ बसवलेल्या ब्लॉकमध्ये असतो आणि फार वेळा खुद्द कटरमध्ये असतो. सहा मिलिमीटरचा कार्बाइड कटर कॉलेटबाहेर ३० मिमी काढला तर १०० न्यूटनला तो एकटाच वीस-पंचवीस मायक्रॉन वाकतो. त्याच्या अंगावरच्या चरी धरल्या तर आणखी जास्त. तोच २० मिमी बाहेर ठेवला की ही लव तिपटीहून अधिक घटते, कारण लांबी घनाने मोजली जाते. सहाशे किलोचं यंत्र बांधून कटर उगाच दहा मिमी जास्त बाहेर ठेवणं हे मला फार वाईट वाटतं. सगळी मेहनत तिथे सांडते.

पोलाद कापायचं असेल तर ठेवण अशी असावी: गॅन्ट्री जागेवर स्थिर, टेबल मागेपुढे. सरकत्या गॅन्ट्रीत लांब पत्रे आणि प्लायवूड कापायची सोय होते, पण गॅन्ट्रीचे दोन पाय चार ब्लॉकवर उभे राहतात आणि ते कितीही जाड केले तरी मुळाशी डोलतात. टेबल सरकतं ठेवलं की खांब बेसला थेट जोडता येतात. किंमत जागेत मोजावी लागते, कारण ४०० मिमी प्रवासासाठी बेस टेबलाच्या लांबीहून ४०० मिमी जास्त लागतो. बाजूला ५००, मागेपुढे ४०० आणि वरखाली २०० मिमी प्रवास धरला, तर १५० × १५० × ६ ची साधारण ३.७ मीटर ट्यूब बेसला, १.१ मीटर दोन खांबांना आणि १.८ मीटर आडव्या तुळईला लागते. तुळई एकावर एक ठेवलेल्या दोन ट्यूबची करावी, म्हणजे उंची ३०० मिमी होते आणि तिच्या तोंडावर दोन रेल २४० मिमी अंतराने बसतात. एकाच ट्यूबवर ते १२० अंतरात कोंबावे लागले असते. रेलमधलं अंतर दुप्पट झालं की ब्लॉकच्या लवेमुळे कटरच्या टोकाला होणारा झुकाव चौथाईवर येतो. संपूर्ण यंत्रात इतक्या स्वस्तात इतका फायदा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नाशिकमध्ये हे काम करणाऱ्याला एक गोष्ट आयती मिळते. १९६४ साली ओझरला विमान कारखाना आला, सातपूर आणि अंबडमध्ये इंजेक्टरपासून गाड्यांपर्यंतचं काम उभं राहिलं आणि त्यांच्या पुरवठादारांचे गाळे सिन्नरपर्यंत पसरले. त्यामुळे फॅब्रिकेशन, सीओटू वेल्डिंग, हीट ट्रीटमेंटची भट्टी, प्लॅनोमिलर (मोठ्या फ्रेमचे पृष्ठभाग सपाट कापणारं यंत्र) आणि सरफेस ग्राइंडर असं सगळं जॉबवर्कवर एका टेम्पोच्या फेरीत सापडतं. घरी बांधलेलं यंत्र म्हणजे सगळं घरीच केलं पाहिजे हा हट्ट सोडावा. मोजमाप, जुळवणी आणि विचार घरी करावा, आणि ज्याला मोठं यंत्रच लागतं ते काम मोठ्या यंत्रावर पाठवावं. प्लॅनोमिलर चालवणारा जुना कारागीर फ्रेमला हात लावून सांगतो की ही क्लॅम्पने वाकेल, इथे शिम, म्हणजे पातळ पत्रा, घाला. त्याचं ऐकावं.

कामांचा क्रम मात्र आपणच ठरवायचा, आणि तो चुकला तर नंतर दुरुस्ती नसते. आधी ट्यूब काटकोनात कापून, गुण्या आणि कर्ण दोन्ही तपासून टाके मारायचे. मग वेल्ड सलग ओढायचा नाही. पन्नास मिलिमीटरचा तुकडा इथे, पुढचा समोरच्या कोपऱ्यात, तिसरा उलट्या बाजूला. वेल्ड थंड होताना आकसतो आणि फ्रेमला आपल्याकडे ओढतो, म्हणून ओढ सगळीकडून सारखी राहिली पाहिजे. रेल जिथे बसणार तिथे २० मिमी जाडीची पट्टी आधीच वेल्ड करायची. सहा मिलिमीटरच्या भिंतीत एम ६ चे आटे कसेबसे बसतात, आणि मशीनिंगला माल उरत नाही. एक बारीक पण धोक्याची गोष्ट: बंद केलेल्या प्रत्येक ट्यूबला आठ-दहा मिमीचं भोक हवं. भट्टीत आतली हवा तापून फुगते आणि बंद पेटी फाटू शकते.

मग फ्रेम स्ट्रेस रिलीव्हिंगला, म्हणजे भट्टीत तापवून वेल्डचा ताण काढायला. ६०० ते ६५० अंश सेल्सिअस, जाडीच्या दर २५ मिमीला साधारण एक तास, आणि नंतर भट्टीतच ३०० अंशांपर्यंत सावकाश थंड. हा खर्च वाचवायचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. वाचवला तर काय होतं ते नीट समजून घ्यावं. वेल्डमध्ये कोंडलेला ताण मशीनिंगने वरचा थर निघाल्यावर मोकळा होतो, फ्रेम हलते, आणि पुढे काही महिने थोडीथोडी हलत राहते. आज दोन शतांशात बसलेले रेल दिवाळीला घट्ट चालतात आणि ब्लॉकवर दोष जातो.

भट्टीतून आल्यावर सँडब्लास्टिंग, आणि त्यानंतर भरण, म्हणजे ट्यूबच्या पोटात दगड आणि इपॉक्सीचं मिश्रण ओतणं. ते भट्टीनंतरच, कारण इपॉक्सी तिथे जळून जाईल. आणि मशीनिंगच्या आधी, कारण इपॉक्सी पक्कं होताना तापतं, आकसतं आणि फ्रेमला जरा ओढतं. ती ओढ होऊन गेल्यावर पृष्ठभाग सरळ केलेला बरा.

भरणाने काय मिळतं याबद्दल गैरसमज बरेच आहेत. दगड-इपॉक्सीचं मिश्रण पोलादाच्या मानाने मऊ असतं: पोलादाचा लवचीकतेचा अंक २०० गिगापास्कलच्या वर, याचा ३० ते ४०. तरी १५० ची ट्यूब पोटभर भरून मिश्रण भिंतीला चिकटलं, तर वाकण्याचा विरोध चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. खरी कमाई वेगळी आहे. रिकाम्या ट्यूबवर हातोडी मारली की ती घंटेसारखी वाजत राहते. भरलेलीवर मारली की आवाज जागीच मरतो. पोलाद कंपन साठवून ठेवतं, बीड त्याहून बरंच जास्त गिळतं, आणि दगड-इपॉक्सी बिडाहूनही जास्त. कापताना दाताचा प्रत्येक ठोका फ्रेममध्ये शिरतो. पुढचा ठोका येईपर्यंत मागचा विरला पाहिजे.

दगडाची नाशिकला वाण नाही. आपण उभेच काळ्या पाषाणावर आहोत. खडीक्रशरवर मिळणारी बारीक खडी, कच आणि भुकटी हाच बेसाल्ट. मोजमाप असं धरावं: १५० च्या ट्यूबच्या पोटात मीटरमागे १९ लिटर जागा, म्हणजे वरच्या ६.६ मीटरला १२५ लिटर, वजनात २८५ किलोच्या आसपास. त्यात इपॉक्सी वजनाने दहा टक्के, म्हणजे २८-३० किलो हार्डनरसकट. बाकी दगडात निम्मी सहा ते दहा मिमीची खडी, उरलेल्यात दोन-तीन मिमीची कच आणि वाळू, आणि अगदी थोडी भुकटी. मोठ्याच्या फटीत मधला आणि मधल्याच्या फटीत बारीक बसला की इपॉक्सी फक्त चिकटवायचं काम करतं, जागा भरायचं नाही. इपॉक्सी जास्त झालं तर भरण मऊ, महाग आणि जास्त तापणारं होतं.

बिघडतं ते बहुतेक पाण्याने आणि धुळीने. क्रशरच्या खडीवर भुकटीचा थर असतो. तो धुतला नाही तर इपॉक्सी दगडाऐवजी धुळीला चिकटतं. धुतल्यावर ती पूर्ण वाळली नाही तर जोड कच्चा राहतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर पातळ पसरलेली खडी दोन दिवसांत खडखडीत वाळते, मग ती झाकणाच्या पिंपात ठेवून द्यावी. ओतायचं मात्र कडक उन्हात नाही, सकाळी. ४० अंशांच्या दुपारी इपॉक्सी हातातच घट्ट होतं, आणि डिसेंबरच्या पहाटे ते इतकं दाट असतं की खडीत शिरत नाही. एकदम सगळं न ओतता पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर द्यावेत आणि प्रत्येक थराला ट्यूबला बाहेरून व्हायब्रेटर लावून हवा काढावी. आटे पाडलेल्या भोकांत आधीच ग्रीस लावलेले बोल्ट घालून ठेवावेत. नंतर ते मोकळे करताना या दोन मिनिटांची किंमत कळते. मग दोन-तीन आठवडे फ्रेमला हात लावू नये.

साध्या सिमेंट काँक्रीटचं विचाराल, तर ते भरायला हरकत नाही, पण ते महिनोन्महिने आकसतं, मीटरला अर्ध्या मिलिमीटरच्या घरात. म्हणजे ट्यूबच्या भिंतीपासून सुटतं. भरायचंच असेल तर न आकसणारा ग्राउट घ्यावा. कोरडी वाळू कंपन थोडं खाते, ताठपणा शून्य.

प्लॅनोमिलरवर फ्रेम पाठवताना दोनच मागण्या कराव्यात, पण ठामपणे. रेलच्या सगळ्या पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये झाल्या पाहिजेत. आणि शेवटच्या हलक्या कापाआधी क्लॅम्प ढिले करून, फ्रेम मोकळी बसू देऊन, मग अलगद पकडून फिनिश करावं. आवळून वाकवलेल्या फ्रेमवर काढलेला सरळ पृष्ठभाग क्लॅम्प सुटल्यावर वाकडा होतो. प्लॅनोमिलर परवडत नसेल तर पातळ, आपोआप समतल होणारं इपॉक्सी पट्ट्यांवर ओतण्याची रीत आहे. दोन्ही रेलच्या वाफ्यांना मध्ये एक चर जोडला की पातळी एकच राहते, आणि कडांना ते वर चढतं म्हणून वाफा रेलपेक्षा दोन्हीकडून सेंटिमीटरभर रुंद ठेवावा. ॲल्युमिनियम कापणाऱ्या यंत्राला ही रीत चालते. पोलादासाठी मी प्लॅनोमिलरच सांगेन, कारण रेलखालचा प्लास्टिकचा थर हीसुद्धा फेऱ्यातली एक लव आहे. रंगाचंही तेच. जिथे दोन भाग बोल्टने जुळतात तिथे रंग, पावडर कोटिंग, प्रायमर काहीही नको. धातूवर धातू, ब्लू (टेकण दाखवणारी निळी शाई) लावून तपासलेली.

रेल २५ नंबरचे घ्यावेत. एचजीआर २५ ला दर ६० मिमीवर एम ६ बोल्ट लागतो. एकही गाळायचा नाही. भोक ५ मिमीच्या ड्रिलने, आटे काटकोनात, बोल्ट १२.९ चे ॲलन, आणि टॉर्क रेंचने १३ न्यूटन-मीटरच्या आसपास, मधून टोकाकडे. आधी एक रेल डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून सरळ करायची आणि पक्की आवळायची. दुसरी हलकी बसवून वर टेबल चढवायचं, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने सरकवत जायचं आणि जिथे असेल तिथलेच बोल्ट आवळत जायचं. टेबल एखाद्या जागी जड लागलं तर तिथली रेल समांतर नाही. ते तसंच सोडलं तर ब्लॉकमधल्या गोळ्या काही महिन्यांत बोलू लागतात. ब्लॉक घेताना हलक्या किंवा मध्यम प्रीलोडचेच, म्हणजे गोळ्या आधीच थोड्या दाबून बसवलेलेच मागावेत. शून्य प्रीलोडचा ब्लॉक हाताला छान सरकतो आणि कटरखाली डगमगतो.

टेबल सरकवणारा बॉल स्क्रू २५ मिमी जाडीचा, ५ मिमी लीडचा, म्हणजे एका फेरीत ५ मिमी सरकवणारा. बाजारात मिळणारा सी ७ दर्जाचा स्क्रू ३०० मिमीत ०.०५ मिमीपर्यंत चुकू शकतो. ती चूक मोजून कंट्रोलरमध्ये भरता येते. भरून निघत नाही ती सपोर्टच्या बेअरिंगची ढिलाई. स्वस्त बीके सपोर्टमध्ये (स्क्रूचं टोक धरणाऱ्या ठोकळ्यात) कधीकधी अक्षाच्या दिशेचा जोर पेलणाऱ्या अँग्युलर काँटॅक्टऐवजी साधी बेअरिंग निघतात, आणि मग स्क्रू अक्षाच्या दिशेने श्वास घेतो. सपोर्ट बसवण्याआधी उघडून पाहावं. बीके २० मध्ये ७००४ ची जोडी समोरासमोर घालून नट बेताने आवळला की दोष जातो.

इतकं जड टेबल मोटरला ओढवेल का, ही भीती आकड्यांनी जाते. टेबल, व्हाइस आणि जॉब मिळून ९० किलो धरले, तरी ५ मिमी लीडमधून मोटरला त्याचं जडत्व अवघं ०.५७ किलो-वर्ग सेंटिमीटर जाणवतं. ८०० मिमी लांबीच्या स्क्रूचं स्वतःचं जडत्व जवळपास २. म्हणजे मोटरच्या दृष्टीने टेबल हलकं आणि स्क्रू जड. त्यामुळे टेबल २५ मिमीच्या प्लेटचं करायला घाबरू नये. ६०० × ४५० ची ती प्लेट ५३ किलो भरते. ७५० वॉटचा सर्व्हो २.४ न्यूटन-मीटर देतो, आणि एका न्यूटन-मीटरमागे ५ मिमीचा स्क्रू हजार न्यूटनच्या वर जोर काढतो. बजेट कमी असेल तर ८.५ न्यूटन-मीटरचा क्लोज्ड लूप स्टेपरही पुरतो, फक्त वेग वाढला की त्याचा टॉर्क झपाट्याने पडतो हे ध्यानात ठेवावं.

झेडला मात्र ब्रेकची मोटर घ्याच. बॉल स्क्रू उलटाही चालतो, भाराने ढकलला की आपणहून फिरतो. वीज गेली की ४५ किलोचं डोकं कटरसकट जॉबवर उतरतं. पहिल्या वळवाबरोबर लाइट कशी जाते हे सांगायला नको. ब्रेक २४ व्होल्टवर सुटणारा असावा, म्हणजे पुरवठा तुटला की तो आपोआप धरतो.

स्पिंडलबद्दल थोडक्यात पण स्पष्ट. पाण्याने थंड होणारा २.२ किलोवॉटचा, २४,००० फेऱ्यांचा, ईआर २० कॉलेटचा स्पिंडल सर्रास वापरतात आणि ॲल्युमिनियमला तो उत्तम आहे. पण त्याचा टॉर्क फक्त ०.९ न्यूटन-मीटरच्या आसपास. १० मिमीचा कार्बाइड कटर एमएसमध्ये मिनिटाला १०० मीटर कापवेगाने चालवायचा तर ३,२०० फेऱ्या हव्यात, आणि तिथे या स्पिंडलकडे ३०० वॉटही उरत नाहीत. लहान कटर आणि उथळ काप असं जमवता येतं. पोलाद हाच मुख्य उद्देश असेल तर पट्ट्याने चालणारा बीटी ३० (शंकूच्या टूलहोल्डरचा) स्पिंडल घ्यावा, आणि झेडची प्लेट त्याच्या वजनाला धरून ३० मिमीची करावी.

नाशिकच्या हवेचा विचार मोजमापात धरावाच लागतो. जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो, शहरातही पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक पडतो. मीटरभर पोलाद तेवढ्यात ०.२३ मिमी वाढतं. जॉबही पोलादाचा असेल तर दोघं बरोबर वाढतात आणि फारसं बिघडत नाही. ॲल्युमिनियमच्या बेसवर पोलादी रेल आवळलेली असेल तर ॲल्युमिनियम जवळजवळ दुपटीने वाढतं आणि रेल धनुष्यासारखी ताणते. म्हणून फ्रेम आणि रेल एकाच जातीची. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी घेतलेला शून्य दुपारी पुन्हा तपासावा.

जमिनीचंही तसंच. काळ्या मातीवरच्या बांधकामात फरशी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते. बेस स्वतःच ताठ असेल तर तो तीन पायांवर टेकवावा. तीन पाय कधी डगमगत नाहीत आणि फरशी हलली तरी बेसला पीळ बसत नाही. कोपऱ्यातले बाकी पाय नुसते आधाराला, हलके टेकलेले. वरचं सगळं मिळून यंत्र पावणेसातशे किलोच्या घरात जातं आणि पसारा जेमतेम एक चौरस मीटर. घराच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला दोनशे किलोचा केलेला असतो. तेव्हा तळमजलाच.

विजेच्या कामात व्हीएफडीची (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हची) केबल शिल्डची घ्यावी, ती सिग्नलच्या तारांपासून वेगळ्या वाटेने न्यावी, सगळ्या अर्थिंगच्या तारा एका बिंदूला आणाव्यात, आणि आणीबाणीचं बटण ड्राइव्हची वीज तोडणारं असावं, नुसतं सॉफ्टवेअरला निरोप देणारं नव्हे.

यंत्र उभं राहिलं की कापायची घाई होते. त्याआधी एक तपासणी करावी, आणि ती मला या सगळ्या कामाचा गाभा वाटते. गॅस सिलिंडर तोलायचा हुकाचा काटा घ्यायचा, स्पिंडलच्या नाकाला पट्टा अडकवून आडव्या दिशेने २० किलोपर्यंत ओढायचं. म्हणजे १९६ न्यूटन. टेबलावर चुंबकी स्टँड ठेवून मायक्रॉनचा डायल आधी स्पिंडलच्या नाकाला लावायचा. समजा काटा १८ मायक्रॉन हलला. तेवढ्याच ओढीत डायल स्पिंडलच्या पकडीवर: १४. झेड प्लेटच्या खालच्या कडेला: ११. सॅडलवर: ४. तुळईवर: २. खांबाच्या माथ्यावर: १. आता यंत्र स्वतःच सांगतंय. सॅडल आणि झेड प्लेटच्या मध्ये सात मायक्रॉन हरवले, बाकी कुठेही इतके नाहीत. तुळई आणखी भरून काही मिळणार नाही. प्लेट २० ची ३० मिमी केली तर तिचा वाकण्याचा विरोध ३.४ पट होतो. किंवा झेडचे ब्लॉक लांब लांब बसवायचे. मग पुन्हा ओढून पाहायचं. एक्स, वाय, झेड तिन्ही दिशांना आणि झेड पूर्ण खाली असताना वेगळं. १९६ भागिले १८, म्हणजे मायक्रॉनला ११ न्यूटन. ॲल्युमिनियमला हे चालेल. पोलादासाठी २० च्या वर गेल्याशिवाय मी समाधान मानू नये म्हणेन. ओढ सोडल्यावर काटा शून्यावर परत आला पाहिजे. दोन-तीन मायक्रॉन मागे राहत असतील तर कुठेतरी सांधा घसरतोय. बोल्ट मोकळे करून टेकण तपासायची, मग आवळायचे, आणि जुळणी पक्की झाल्यावर डॉवेल पिना ठोकायच्या.

ही ओढ स्थिर असते, कापणं तसं नसतं. म्हणून पहिल्या कापांना मोबाइलवरचं ध्वनी-स्पेक्ट्रम दाखवणारं साधं ॲप समोर ठेवावं. दात आपटण्याची वारंवारता आणि तिच्या पटी दिसणारच. त्यांत न बसणारं एखादं उंच टोक उभं राहिलं तर तो चॅटर, म्हणजे कापताना उठणारं आणि स्वतःच वाढत जाणारं कंपन. समजा ते ९०० हर्ट्झला आहे आणि कटर तीन दातांचा आहे. ९०० गुणिले ६० भागिले ३, म्हणजे १८,००० फेऱ्या. नाहीतर तिच्या निम्म्या ९,०००, किंवा तिसरा हिस्सा ६,०००. या फेऱ्यांना दाताचा ठोका कंपनाशी तालात पडतो आणि बऱ्याचदा तोच काप शांत होतो. नाही झाला तर वारंवारतेवरून शोध घ्यायचा. हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर असेल तर कटर आणि त्याची बाहेर काढलेली लांबी. काहीशे हर्ट्झला बहुधा झेड प्लेट किंवा स्पिंडलची पकड. शंभराच्या खाली घुमत असेल तर स्टँड आणि लेव्हलिंगचे पाय आधी पाहायचे, तिथे कित्येकदा नुसता लॉकनट आवळायचा राहिलेला असतो.